वीज नियोजनाचं मॉडेल लोकांना उघडून बघता आलं पाहिजे का?

मुलुंडकर (धागाकर्ता)

केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या जून २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे प्रत्येक वीज वितरण कंपनीला पुढच्या दहा वर्षांची मागणी आणि ती भागवायची सोय यांचा आराखडा करायचा आहे. मुंबईत बेस्ट, टाटा, अदानी, आणि आमच्या मुलुंड-भांडुपला महावितरण, सगळे यात आले. हे आराखडे संगणकातल्या मॉडेलमधून निघतात. त्यांच्या उत्तरावर वीसपंचवीस वर्षांचे खरेदी करार होतात आणि पैसे आपल्या बिलातून जातात. म्हणून माझं म्हणणं आहे की मॉडेल आणि त्यात भरलेले आकडे कुणालाही घरी बसून चालवता आले पाहिजेत.

पूर्वी हे शक्यच नव्हतं. १९७३ च्या तेलसंकटानंतर आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या छत्राखाली अमेरिकेतल्या ब्रुकहेवन आणि जर्मनीतल्या युलिश इथल्या प्रयोगशाळांनी ‘मार्काल’ नावाचं ऊर्जा नियोजनाचं मॉडेल बांधलं. गणित लिनियर प्रोग्रॅमिंगचं: मागणी भागली पाहिजे, मर्यादा मोडता कामा नयेत, आणि एकूण खर्च कमीत कमी यायला हवा. त्याला तेव्हा मोठा संगणक लागे. पुढे त्याचा वारस ‘टाइम्स’ आला, पण ते ज्यात लिहिलं होतं ती ‘गॅम्स’ ही प्रणाली आणि सॉल्व्हर, म्हणजे समीकरणं सोडवणारा प्रोग्रॅम, दोन्हींचं लायसन्स विकत घ्यावं लागे. २०११ साली ‘ओसेमोसिस’ या मॉडेलची मांडणी प्रसिद्ध झाली, २०१८ ला ‘पायप्सा’ची. दोन्ही फुकट, दोन्हींचा कोड उघडा. ‘टाइम्स’चा कोडही आता उघडा आहे. एडिनबरा विद्यापीठातला ‘हाय्‌ज’ सॉल्व्हर फुकट मिळतो. पुण्याच्या ‘प्रयास’ या अभ्यासगटाने ‘रुमी’ नावाचं मॉडेल पायथन या संगणकभाषेत बांधून सगळ्यांना दिलंय. परवडत नाही म्हणून बंद ठेवतो, असं आता कुणाला म्हणता येणार नाही.

मी एका सल्लागार कंपनीत आठ वर्षं हेच काम केलं. एका ग्राहकाने तीन वर्षांपूर्वीचा आराखडा नव्या कोळसा-दराने पुन्हा चालवून मागितला. लायसन्स संपलेलं, मॉडेल बांधणारा नोकरी सोडून गेलेला. फाइल डोळ्यांसमोर होती आणि उघडत नव्हती. सगळं काम पहिल्यापासून केलं, आणि ग्राहकाला त्याच कामाचे दुसऱ्यांदा पैसे मोजावे लागले. ते मला अजून बोचतं.

रातपाळी

असहमत. लोड डिस्पॅचच्या, म्हणजे क्षणाक्षणाची मागणी आणि पुरवठा जुळवणाऱ्या खोलीत माझी बावीस वर्षं गेली, म्हणून लिहितो.

१२ ऑक्टोबर २०२० आठवा. सकाळी दहाच्या सुमारास मुंबई अंधारात गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. कळवा-पडघा भागातल्या वाहिन्या पडल्या आणि शहराला बाहेरच्या ग्रिडपासून तोडून स्वतःच्या विजेवर उभं ठेवणारी आयलँडिंगची व्यवस्था तग धरू शकली नाही. तुमच्या मॉडेलला हे दिसलं असतं? त्यात मुंबई म्हणजे बहुतेक वेळा एक ठिपका असतो. ठिपक्यात वाहिनी तुटत नाही. त्यासाठी लोड फ्लोचं, म्हणजे कुठल्या वाहिनीतून किती वीज वाहते ते काढणारं वेगळं सॉफ्टवेअर लागतं, आणि त्यातली माहिती, कुठली वाहिनी किती भाराला पडते, ही मी तरी जगासमोर मांडणार नाही. शहराची नस आहे ती.

दुसरं, विकतच्या सॉफ्टवेअरमागे माणूस असतो. अडलं की फोन करता येतो. फुकटच्या कोडला कोण जबाबदार?

मुलुंडकर

वाहिन्यांची माहिती बंद ठेवा, हे मला मान्य आहे. मी मागतोय ते मागणीचा अंदाज, इंधनाचे दर, प्रकल्पांचा खर्च, व्याजदर. यात सुरक्षेचं काय आहे?

शिवडी_खाडी

मी दोघांशीही असहमत आहे. तुम्ही साधनावर भांडताय, आणि महाराष्ट्राचा सगळ्यात महाग धडा साधनाचा नव्हताच.

दाभोळचं एन्रॉनचं वीज केंद्र. १९९३ मध्येच जागतिक बँकेने सांगितलं होतं की आयात गॅसवर चोवीस तास चालणारं एवढं मोठं केंद्र राज्याच्या मागणीत बसत नाही, वीज महाग पडेल. डिसेंबर १९९३ ला करार झालाच. मे २००१ ला राज्य वीज मंडळाने वीज घेणं थांबवलं आणि केंद्र बंद पडलं. हिशेब साधा होता: रात्री मागणी उतरते, हे केंद्र चोवीस तास चालवायच्या हिशेबाने धरलेलं, आणि वीज घेतली नाही तरी स्थिर आकार द्यावाच लागतो. कागद-पेन्सिलीवर जमेल असं हे गणित. उत्तर टेबलावर असताना ते घेतलं गेलं नाही. पायथन असतं तर घेतलं गेलं असतं, असं मला कुणी पटवून द्यावं.

मॉडेल उघडं झालं की लोक त्याच्या आत हरवतील, सही कोण करतंय ते बघायचं राहून जाईल, ही माझी भीती आहे.

मुलुंडकर

दाभोळचं उदाहरण माझ्या बाजूचं आहे. तो करारच बराच काळ लोकांपुढे नव्हता. गणित सोपं होतं, पण ज्यांच्या हातात आकडे होते त्यांनाच करता येत होतं.

व्हिएन्नाजवळच्या ‘आयआयएएसए’ संस्थेने १९८१ साली साऱ्या जगाच्या ऊर्जेचं चित्र मांडलं, ‘मेसेज’ मॉडेल वापरून. त्याच संस्थेत काम केलेले बिल कीपिन मॉडेलच्या आत शिरले, आणि त्यांनी व ब्रायन विन यांनी १९८४ मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवलं की उत्तरं जवळजवळ भरलेल्या आकड्यांतच ठरलेली होती, आणि आकडे थोडे हलवले की चित्र पालटत होतं. कीपिन आत होते म्हणून हे कळलं. बाहेरच्या माणसाला ते कळायला काय वाट होती?

सहावा_तास

मी महाविद्यालयात गणित शिकवते. रातपाळी, तुमचा ठिपक्याचा मुद्दा रास्त आहे, पण साधन बदललं की काय दिसतं तेही बदलतं. जुन्या मॉडेलमध्ये वर्षाचे मोजकेच तुकडे असत: उन्हाळा-पावसाळा-हिवाळा, दिवस-रात्र. त्यात सूर्यास्ताला सौरवीज उतरतानाची घाई दिसतच नाही, कारण संध्याकाळ नावाचा तुकडाच नसतो. आज माझे विद्यार्थी साध्या लॅपटॉपवर ८,७६० तासांचं वर्ष चालवतात. जुलैतले सलग ढगाळ दिवस आणि ऑक्टोबरचा उकाडा त्यात वेगवेगळे उभे राहतात.

पण मला खरं खटकतं ते वेगळंच. सगळे मागणी आधीच ठरलेली आहे असं धरून चालतात. बंगळूरचे ऊर्जातज्ज्ञ अमूल्य रेड्डी यांनी १९९१ साली कर्नाटकासाठी उलटा प्रश्न विचारला होता: लोकांना युनिट हवीत की उजेड, पाणी, चालणारी गिरणी? तिथून मोजत गेलं की लागणारी वीज कितीतरी कमी निघते. आपल्याकडे शेतीपंप मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतून रात्रीचे दिवसावर येताहेत. मग रात्रीची मागणी हा अंदाज राहिला की निर्णय झाला? ही ओळ एक्सेल शीटच्या कुठल्या खान्यात आहे, ते मला बघायचंय.

रातपाळी

पंपांचं बरोबर आहे. आमच्या खोलीत तो बदल आलेखावर उघड दिसायचा, आणि आराखड्यातला आलेख जुनाच असायचा. वाहिन्यांवरचं माझं मत मात्र तेच आहे.

मुलुंडकर

पुढच्या जनसुनावणीत वीज नियामक आयोगापुढे द्यायच्या हरकतीचा मसुदा करतोय. तीन मागण्या आहेत: तासागणिक मागणीची फाइल, प्रत्येक स्रोताचा धरलेला खर्च, आणि कोणत्या साधनात कोणत्या आवृत्तीवर चालवलं ते. कोड मिळाला तर उत्तमच.

शिवडी_खाडी

सही करेन, चौथी मागणी घातली तर. आराखड्याखाली मंजुरी देणाऱ्याचं नाव आणि हुद्दा.

रातपाळी

आणि पाचवी. मागच्या पाच वर्षांत दर मे महिन्यातल्या सर्वोच्च मागणीचा अंदाज किती होता आणि प्रत्यक्षात किती लागली, शेजारी-शेजारी. हे पान मी स्वतः तपासून देईन.