आजोबांचं वेब्ली आणि नऊ काडतुसं: शस्त्र जपायचं तर दारूगोळाही जपावा का?

बोरीकाठ, पारोळा
वडील गेल्यावर वारसाहक्काने लायसन माझ्या नावावर करायचा अर्ज दिलाय. शस्त्र म्हणजे वेब्ली मार्क ६ रिव्हॉल्व्हर, सांगाड्यावर १९१७ कोरलेलं. १९४६ साली मायदेशी निघालेल्या एका इंग्रज साहेबाकडून आजोबांनी रीतसर विकत घेतलं. सोबत बारा काडतुसांचं पुठ्ठ्याचं खोकं आलं. त्यातली तीन गेली: दोन रानडुकरांवर, एक माझ्या वडिलांच्या जन्माला. उरलेली नऊ शस्त्रासोबत पोलीस ठाण्यात जमा आहेत. तिथे म्हणतात, रिव्हॉल्व्हर मिळेल, पण काडतुसं जुनी झाली, नष्ट करायला द्या.

का द्यायची? संग्राहकाला विचारा, काडतूस म्हणजे कागदपत्रच असतं. ह्याच .४५५ बोअरसाठी इंग्रजांनी १८९८ मध्ये पोकळ तोंडाची गोळी काढली आणि १८९९ च्या हेग कराराने पसरणाऱ्या गोळ्यांवर बंदी आल्यावर मागे घेतली. पुढे बरीच वर्षं साधी शिशाची गोळी चालली, १९३९ मध्ये धातूच्या कवचाची आली. एवढा इतिहास नुसत्या नळीत दिसत नाही. माझं शस्त्र आणि काडतुसं हा मूळ जोड आहे, खोक्यावर छापील लेबल शाबूत आहे. उडवायची कुणाला आहेत? जपायची आहेत.

सातपुड्याची सून, चोपडा
दादा, जपा, पण घरात नको. आमच्या शेजारी जुनं धाब्याचं घर पाडताना कोनाड्यात एक काडतूस निघालं. पोराने गंमत म्हणून चुलीत टाकलं. गोळी कुठे गेली कळलं नाही, पण पितळेची कपची डोळ्याखाली रुतली. अर्ध्या बोटाने डोळा वाचला. ते काडतूसही कुणीतरी "जपलेलंच" होतं ना?
आणि आपल्या भागाचं म्हणाल, तर मध्य प्रदेशाच्या सीमेपलीकडून येणाऱ्या गावठी कट्ट्यांच्या बातम्या इथे नेहमीच्या. अशा मुलखात ठाणेदाराला तुमचा हेग करार ऐकायला वेळ कुठला?

बोरीकाठ
ताई, कट्टा आणि वेब्ली एका तराजूत घालू नका. माझ्याकडे लायसन आहे, कट्टेवाल्याकडे नाही.

धुळे कोर्टकचेरी
लायसन आहे नव्हे, अर्ज आहे. तो फरक लक्षात ठेवा, कारण २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना शस्त्र किंवा काडतूस बाळगल्यास किमान दोन वर्षं, कमाल पाच. जमा केलंत ते बरं केलंत.
"अँटिक आहे" म्हणून सुटका होते हा गैरसमज बऱ्याच जणांचा असतो. अमेरिकेत १८९८ पर्यंत बनलेलं शस्त्र कायद्याने अँटिक, ती सालाची रेघ त्यांची. आपल्या १९५९ च्या आर्म्स ॲक्टमध्ये अशी रेघ नाही. कलम ४५ मध्ये जुन्या घडणीच्या शस्त्राला सूट आहे, पण ते दुरुस्त करूनही चालवता येत नसेल तरच. तुमचं वेब्ली चालतं, मग ते शंभर वर्षांचं असो की कालचं. पुरावस्तूंचा १९७२ चा कायदा वेगळा, त्यातली शंभर वर्षांची अट इथे कामाची नाही.

भरीत पार्टी, जळगाव
नऊ काडतुससाठे इतला जीव जळस का भो तुन्हा?

वरणगावकर आप्पा
जळतो रे, जळणारच. मी वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत काडतुसांच्या पितळी केसच्या (बाहेरच्या नळकांड्याच्या) लाइनवर नोकरी केली. हातातून लाखो गेली, तरी जुनं काडतूस दिसलं की आधी उलटं करून बूड वाचतो. बोरीकाठचे पाटील, तुमच्या काडतुसांच्या बुडावर काय आहे? नुसतं 'के' असेल तर बर्मिंगहॅमची कायनॉक. 'के एफ' असेल तर आपली खडकी.
दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. ठाण्यात जाण्याआधी खोकं कुठे होतं?

बोरीकाठ
नुसतं 'के', आप्पा, आणि सालाचे ४१. खोकं पत्र्याच्या ट्रंकेत होतं. ट्रंक गोठ्याला लागून असलेल्या खोलीत.

वरणगावकर आप्पा
तिथेच घोळ झाला. इंग्रजांच्या पलटणीत हाच घोटाळा व्हायचा. पावसाळ्यात काडतुसं घोड्यांच्या पागेत ठेवायचे आणि पितळेला आपोआप तडे जायचे. पावसाच्या मोसमात होतं म्हणून नाव पडलं 'सीझन क्रॅकिंग'. खरं कारण १९२१ मध्ये छापून आलं: घोड्यांच्या मुतातला अमोनिया. केस ओढून घडवताना पितळेत ताण राहतो, त्यावर अमोनिया लागला की तडा. गाई-म्हशींचा गोठाही तेच करतो. गोळी जिथे आवळून बसवलेली असते ती कड भिंगाने बघा.
शिवाय आत कॉर्डाइटची दारू, बारीक शेवयांसारखी. तिला सावरायला व्हॅसलिन घातलेलं असतं, पण उन्हाळ्यामागून उन्हाळे गेले की दारू खराब होत जाते. आपल्याकडे मे महिन्यात पंचेचाळीसचा पारा, वर पत्र्याची ट्रंक. भडकेलच असं नाही. पण बुडातली ठिणगीची टोपी फुटून दारू उशिरा पेटली तर ज्याने "फुसकं निघालं" म्हणून नळीत डोकावलं, त्याचं काय?

खोक्याचा खप, नंदुरबार
मी जुन्या शस्त्रांचा वेडा आहे, पण पाटलांच्या 'मूळ' शब्दाला माझा आक्षेप आहे. रिव्हॉल्व्हर १९१७ चं, काडतुसं ४१ ची. हा मूळ जोड कसा?

बोरीकाठ
साहेबाने ज्या जोडीने दिलं ते मूळ. आणि अमेरिकेत गेलेल्या कितीतरी वेब्लींचं सिलेंडर मागून घासून .४५ ऑटोची काडतुसं बसवली, का, तर जुनी मिळेनात. तसल्या तासलेल्या वेब्लीला संग्राहक कमी भाव देतात. माझं न तासलेलं आहे, आणि त्याचा साक्षीदार हे खोकंच.

धुळे कोर्टकचेरी
मग खोकं मागा की! पुठ्ठा काही दारूगोळा नाही. अर्जात लिहा: काडतुसं नष्ट करा, लेबलाचं खोकं परत द्या. एखादं काडतूस परवानाधारक डीलरकडून रिकामं करून मिळतं का, हेही लेखी विचारा. घरी पक्कड घेऊन बसू नका.

खोक्याचा खप
रिकामं केलेलं काडतूस म्हणजे दाणे काढलेलं कणीस. मी तरी ते कपाटात मांडणार नाही.

सातपुड्याची सून
त्या कणसाने कुणाचा डोळा तर जात नाही.

बोरीकाठ
आप्पा, ठाण्यातल्या साहेबांनी भिंग लावू दिलं. नवांपैकी चारांच्या कडेला केसासारखी रेघ आहे. फोटो काढू दिले नाहीत. खोक्याचा अर्ज सोमवारी देतोय, आणि एका काडतुसाचाही. ताई, ते मिळालंच तर कुलपात राहील, चूल अंगणापलीकडे आहे.

वरणगावकर आप्पा
ज्याला रेघ नाही तेच माग.