अनुभव धागा: तुम्ही क्रेन कधी थांबवलीत?

नमस्कार मंडळी. नाशिकच्या अंबड एमआयडीसीत मेंटेनन्सला मला २१ वर्षं झाली. हा धागा काढायला परवाचा एक प्रसंग कारणीभूत आहे. आमच्याकडे नवीनच लागलेल्या एका हेल्परने चालू लोड मध्येच अडवला. सरळ पेंडंटवरचं (क्रेनच्या लोंबत्या बटणपेटीवरचं) लाल बटण दाबलं आणि लोड ज्या बेल्टने उचलला होता तो दाखवून म्हणाला, "बेल्टची शिवण उसवलीय." सुपरवायझर त्याच्यावर सगळ्यांसमोर ओरडला. लोड खाली घेऊन बघितलं, तर शिवण खरंच चार बोटं उसवलेली होती. पोरगा बरोबर होता, तरी बोलणी त्यानेच खाल्ली. त्या रात्री मला झोप लागली नाही.

म्हणून विचारतो. तुम्ही क्रेन कधी थांबवलीत? किंवा थांबवायला हवी होती आणि थांबवली नाही, असं कधी झालं? कंपनीचं आणि माणसाचं नाव नको. काय उचलत होतात, काय दिसलं, मग काय केलंत, एवढं लिहा. सुरुवात मी करतो, आणि माझा अनुभव न थांबवल्याचा आहे.

सुट्टीच्या दिवशी मेन पॅनलची केबल बदलली होती. दुसऱ्या दिवशी फर्स्ट शिफ्टला १० टनी क्रेनवर ऑपरेटरने 'वर' दाबलं तर हुक खाली आला. एलटी, सीटी, म्हणजे क्रेनची लांब आणि आडवी चालही उलटी झाली होती. दोन फेज अदलाबदल झाल्या होत्या, एवढं मला तेव्हाच कळलं. ऑपरेटर म्हणाला, "साहेब, उलट्या हाताने चालवतो, मला सवय होईल." मी म्हणालो, जेवणाच्या सुट्टीत बघतो.

इथे चुकलो. अशा वेळी अपर लिमिट (हुक वर टोकाला भिडण्याआधी मोटर थांबवणारा स्विच) असून नसल्यासारखी होते, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. लिमिट स्विच 'वर'च्या कॉन्टॅक्टरची (मोटरला वीज जोडणाऱ्या स्विचची) लाइन तोडतो. पण फेज उलट असताना हुक वर जात होता तो 'खाली'च्या कॉन्टॅक्टरवर. लिमिट दाबली गेली, पण मोटर थांबली नाही. हुक ब्लॉक ड्रमला भिडला, रोप तुटला आणि दीडशे किलोचा ब्लॉक फरशीत रुतला. हुकाला लोड नव्हता, खाली माणूस नव्हता, एवढ्यावर निभावलं.

आता पॅनलला फेज उलटल्या की सप्लाय तोडणारा फेज सिक्वेन्स रिले आहे. तरीही सप्लायचं काहीही काम झालं की मी स्वतः जाऊन सहाही बटणं दाबून दिशा बघतो आणि रिकामा हुक इंचिंग करत, म्हणजे थोडा थोडा, लिमिटपर्यंत नेतो. पाच मिनिटांचं काम आहे.

प्रेस शॉप, सातपूर

दादा, चांगला विषय काढला. आपण डाय (प्रेसचे साचे) बदलायच्या कामावर आहोत, १४ वर्षं झाली. मला हे काम शिकवलं ते एका जुन्या ऑपरेटर मामांनी. मामा सातवी शिकलेले, पण त्यांचं एक माप मी आजही वापरतो. सिलिंगचे (लोड हुकाला अडकवायच्या दोराचे किंवा साखळीचे) दोन पाय आणि डायची वरची बाजू, हा त्रिकोण तिन्ही बाजूंनी सारखा दिसला पाहिजे. त्याच्याहून बसका दिसला तर उचलायचं नाही.

पुढे आमच्याकडे ट्रेनिंगला एक सर आले, त्यांनी फळ्यावर आकडे मांडले तेव्हा मामांचं माप कुठून आलं ते समजलं. डाय २ टनाची आणि दोन्ही पाय सरळ उभे असतील तर एका पायावर १ टन येतो. सारख्या बाजूंच्या त्रिकोणात, म्हणजे आडव्याशी ६० अंशात, साधारण १.१५ टन. ४५ अंशात १.४ टन. आणि पाय ३० अंशापर्यंत फाकले की एकेका पायावर पूर्ण २ टन. लोड तोच, सिलिंग तेच, फक्त आखूड पडलं म्हणून ताण दुप्पट.

एकदा थर्ड शिफ्टला लांब सिलिंग कपाटात, कपाटाला कुलूप आणि चावी शिफ्टवाल्या साहेबांबरोबर दुसऱ्या प्लँटला. समोर दीड टनी आखूड सिलिंग पडलेली. सगळे म्हणाले, "चल रे, एकदाच तर उचलायचीय." मी नाही उचलली. चावी यायला ४० मिनिटं लागली आणि ती ४० मिनिटं माझ्या नावावर लिहिली गेली. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण पुढच्या महिन्यात सिलिंगांचा उघडा रॅक झाला, प्रत्येकाला टॅग आणि टनेज. आता चावीसाठी कोणाला थांबावं लागत नाही.

आय बोल्टचंही सांगतो. कॉलर जॉबला पूर्ण टेकेपर्यंत आवळायचा. दोन आटे बाहेर ठेवून तिरका ओढला की मानेपासून तुटतो. मी तुटलेला पाहिलाय.

ट्रान्सफॉर्मर रिपेअरिंग, अंबड

मी डिप्लोमा करून नुकतीच लागले होते. शॉपमध्ये मी एकटीच मुलगी, त्यामुळे मध्ये बोलायची भीती वाटायची. आमची क्रेन ५ टनी. रिपेअरला आलेला एक ट्रान्सफॉर्मर ट्रेलरवरून उतरवायचा होता. साइटवरून निरोप होता की तेल काढून पाठवलंय.

ट्रान्सफॉर्मरच्या नेमप्लेटवर वजनं वेगवेगळी लिहिलेली असतात: कोअर आणि वाइंडिंगचं, टाकी आणि फिटिंगचं, तेलाचं आणि एकूण. मला कॉलेजमध्ये प्लेट वाचायची सवय लागली होती. एकूण ५,६०० किलो, त्यात तेल १,२०० किलो. म्हणजे तेल काढलेलं असेल तर ४,४०० किलो, क्रेनला चालेल. नसेल तर नाही. सगळं त्या एका निरोपावर होतं.

सिलिंग लागली, हुक ताणला गेला. टाकीला हात लावून मी विचारलं, "तेल खरंच काढलंय ना?" कोणीतरी म्हणालं, "मॅडम, तुम्ही ऑफिसात बसा." ऑपरेटर काका मात्र थांबले. ते म्हणाले, "ताई विचारतात तर बघून घेऊ, काय जातंय?" खालचा व्हॉल्व्ह जरा सैल केला तर तेलाची धार लागली. सगळ्यात वर कन्झर्व्हेटर, म्हणजे तेलाची छोटी टाकी, तेवढीच काय ती रिकामी होती. तिची तेल दाखवणारी काच रिकामी दिसली म्हणून साइटवाल्यांनी टाकीही रिकामी धरली असणार.

ट्रेलरवरच तेल काढायला अर्धा दिवस गेला. त्या काकांचे उपकार मी विसरणार नाही. त्यांनी बटणावरचा अंगठा काढला नसता तर माझ्या विचारण्याला काही अर्थ नव्हता.

वडील स्लिंगर होते

मी या लाइनमध्ये नाही, बँकेत आहे. वडील लोडला सिलिंग बांधायचं काम करायचे. धागा वाचला आणि राहवलं नाही. माझ्या वडिलांच्या उजव्या हाताची दोन बोटं सिलिंग आणि जॉबच्या मध्ये गेली. सिलिंग नीट बसावं म्हणून हाताने धरलं होतं, तेवढ्यात वरून बटण दाबलं गेलं. इशारा एकाने दिला होता आणि ऑपरेटरने दुसऱ्याचाच पाहिला. मी तेव्हा आठवीत होतो. त्यानंतर आजोबांनी दिलेली बाजाची पेटी त्यांनी कधी उघडली नाही. तुम्ही जे कोणी हे काम करता, त्यांना हात जोडून सांगतो: इशारा एकाच माणसाचा घ्या. थांबण्याचा इशारा मात्र कोणाचाही असो, थांबा.

तपासणीचं काम करतो

मी कारखान्यांच्या लिफ्टिंग टूल्सची तपासणी करतो. सातपूर, अंबड, सिन्नर, गोंदे सगळीकडे जाणं होतं. आधी कायद्याचं सांगतो, कारण पुष्कळांना वाटतं हा साहेब लोकांचा त्रास आहे. फॅक्टरी अॅक्ट १९४८, कलम २९ मध्ये हे होतं (नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याच्या जागी नवा कोड आलाय). क्रेन, चेन, रोप, सिलिंग, शॅकल, सगळ्याची सक्षम व्यक्तीकडून कसून तपासणी, १२ महिन्यांतून निदान एकदा. सुरक्षित भार ठळक लिहिलेला हवा आणि चाचणी सोडून त्याहून जास्त भार कधीच नाही.

कसून म्हणजे काय? मी वर चढतो, खाली उभा राहून दुर्बीण लावत नाही. रोपचा व्यास व्हर्नियरने घेताना जबडे उंचवट्यावर टेकवायचे, दोन लडींमधल्या खाचांवर टेकवले तर माप कमी येतं. हुक सगळ्यात खाली असताना ड्रमवर निदान दोन पूर्ण वेटोळी शिल्लक पाहिजेत, ती मोजतो. हुकाच्या तोंडावर नवीन असतानाच दोन पंच मार्क करून त्यांच्यातलं अंतर लिहून ठेवा असं मी सगळ्यांना सांगतो, म्हणजे पुढच्या वर्षी हुक उघडायला लागलाय का ते बोलून नाही, मोजून ठरतं. १० टक्के उघडला की बाद. तो तापवून ठोकायचा नाही, वेल्डिंग करायचं नाही. ठोकून सरळ केलेला हुक मी एका ठिकाणी पाहिला, वर छान पिवळा रंग दिलेला.

सगळ्यात जास्त काय सापडतं विचाराल तर हुकाची लॅच, म्हणजे सिलिंग निसटू नये म्हणून हुकाच्या तोंडाला असलेली पट्टी. तुटलेली, नाहीतर बाइंडिंग वायरने मागे बांधून ठेवलेली, कारण सिलिंग अडकवताना मध्ये येते. दुसरं, रोपच्या यू क्लिप उलट्या. क्लिपची बैठक भार घेणाऱ्या रोपवर पाहिजे आणि यू बोल्ट मोकळ्या टोकावर. उलटी लावली की यू बोल्ट भाराच्याच रोपला चावतो.

आता थांबवल्याचा अनुभव. एका ठिकाणी चहा आला, फाइल आली आणि मालक म्हणाले, "सर, वर कशाला चढता, उन्हाचे दिवस आहेत. गेल्या वर्षीचंच आहे सगळं, सही करून टाका." मी चढलो. मेन होईस्टच्या (क्रेनच्या उचलणाऱ्या यंत्राच्या) रोपची एक लड तुटून बाहेर लोंबत होती. मी क्रेन बंद ठेवायला लिहून दिलं, सर्टिफिकेट दिलं नाही. त्यांनी मला परत कधी बोलावलं नाही. त्या रोडवरून जाताना अजूनही नजर त्या शेडकडे जाते. दुसऱ्या कोणी सही दिली असेल का, हा विचार सुटत नाही.

गोंद्याहून

पावसाळ्याचं कोणी लिहिलं नाही म्हणून थोडक्यात. आमच्याकडे इगतपुरीच्या बाजूचा पाऊस. पत्र्यातून गळणारं पाणी बरोबर होईस्टच्या ब्रेक ड्रमवर पडत होतं, खालून कोणाला दिसायचं कारण नाही. ३ टनाचा जॉब उचलला, बटण सोडलं, आणि जॉब सावकाश वीतभर खाली आला. ऑपरेटर म्हणाला, पावसात होतं असं. मी म्हणालो, खाली ठेव. ब्रेकचा लायनर ओला आणि झिजलेलासुद्धा होता, एकट्या पावसाचा दोष नव्हता.

तेव्हापासून जड लोड आधी वीतभरच उचलायचा, थांबायचं, मनात दहा मोजायचे. घसरला नाही, तिरका झाला नाही, तरच पुढे. आणि जूनच्या आधी पत्रे बघायचे ते क्रेनवर उभं राहून.

कॉन्ट्रॅक्टवर इलेक्ट्रिशियन

मी क्रेन थांबवली नाही, क्रेन माझ्यासाठी थांबली नाही असं म्हणा. शेडच्या एका बेमध्ये (कॉलमच्या दोन रांगांमधल्या भागात) एकाच रुळावर दोन क्रेन होत्या. माझं काम पहिल्या क्रेनच्या बसबारच्या कलेक्टरचं, म्हणजे क्रेन जिथून वीज घेते त्या भागाचं. पहिलीचा मेन स्विच बंद करून मी कुलूप लावलं, पाटी लावली, चावी खिशात. सगळं नियमाने. आणि वर गँट्रीवर, म्हणजे रुळाच्या बीमवर, पाय टाकून कामाला बसलो. दुसऱ्या क्रेनचा विचार मी केला नाही, कामाचा पास देणाऱ्यानेही केला नाही.

रूळ आधी थरथरतो. आवाज नंतर येतो. मान वळवली तर दुसऱ्या क्रेनचं चाक दोन कॉलम सोडून येत होतं. खाली कॉम्प्रेसरच्या आवाजात माझी हाक कोणाला ऐकू जाणार? मी कॉलमच्या मागे अंग चोरून उभा राहिलो. क्रेन माझ्या पोटासमोरून गेली आणि पहिल्या क्रेनच्या बफरला लागून थांबली.

वर तपासणीवाल्या सरांनी लिहिलंय त्याच कलमात हेही होतं: रुळाजवळ माणूस काम करत असेल तर क्रेन त्याच्या ६ मीटरच्या आत येता कामा नये, तशी व्यवस्था करायची. हे मला त्या दिवसानंतर कळलं. आता दोन्ही क्रेनला कुलूप, रुळावर क्लॅम्प, आणि खाली एक माणूस फक्त माझ्याकडे बघत उभा. तो माणूस देत नसतील तर मी वर चढत नाही. दोन कामं हातची गेली त्यामुळे. घरी सांगितलंय, बायको बोलली, जाऊ द्या.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. आज जेवणाच्या सुट्टीत तुमचे अनुभव त्या हेल्परला वाचून दाखवले, सुपरवायझरही शेजारी बसला होता. ट्रान्सफॉर्मरवाल्या ताईंचा भाग झाल्यावर सुपरवायझर उठून गेला आणि दोघांसाठी चहा घेऊन आला. काही बोलला नाही.

पोराने मला विचारलं, "सर, तो बेल्ट कुठे ठेवला?" मला उत्तर देता येईना. स्टोअरला जाऊन बघितलं तर उसवलेला बेल्ट घडी घालून रॅकवर परत ठेवलेला, चांगल्या बेल्टांच्या मध्ये. रात्रपाळीला कोणीही उचलला असता. बाहेर आणून त्याच्याच हाताने कापला, मधोमध, आणि दोन्ही टोकांचे डोळे (हुकाला अडकवायचे फासे) वेगळे केले. रजिस्टरला नोंद केली आणि नोंदीखाली सही त्याची घेतली.