गादीच्या ब्रशमध्ये पाणी शिरलंय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,
आईचा केसांचा ब्रश माझ्या हातून बिघडलाय. लाकडी मूठ, काळ्या रबराची गादी, नायलॉनचे काटे आणि टोकांना बारीक मणी. आईचे केस कमरेपर्यंत. शनिवारी रात्री खोबरेल चोपडते, रविवारी न्हाते. गुंतवळ रोज काढते, पण काट्यांच्या बुडाशी राखाडी, मेणचट थर साचला होता. न्हाऊन आल्यावर तोच ब्रश फिरवला की केस पुन्हा चिकट.

म्हणून मी कढत पाण्यात २ चमचे खायचा सोडा घालून ब्रश अर्धा तास बुडवून ठेवला. थर निम्माच सुटला. आता गादी अंगठ्याने दाबली की भोकातून पाणी बुडबुडतं, कुबट वास येतो, मुठीचं पॉलिश जाऊन लाकूड खरखरीत झालंय. आई काही बोलली नाही, कपाटातला जुना कंगवा काढून वापरतेय. तेच जास्त लागलं मला.

आतलं पाणी कसं काढू? उन्हात ठेवू का? आणि उरलेला थर न बुडवता कसा निघेल?

प्रतिसाद:
ताई, ते भोक हवेसाठी असतं. ब्रश डोक्यावर दाबला की हवा तिथून जाते-येते, म्हणून गादी मऊ लागते. पाणीही तिथूनच शिरलंय. भोक खाली धरा आणि गादी दाबत झटका, थेंब यायचे थांबेपर्यंत. मग जुन्या टॉवेलवर काटे खाली करून पंख्याखाली २-३ दिवस ठेवा. कडक उन्हात नको, रबर कडक होऊन चिरा पडतात.

प्रतिसाद:
तो थर म्हणजे टाळूची मेलेली त्वचा, धूळ आणि कपड्यांचे तंतू, तेलाने बांधले गेलेले. त्यामुळे आधी तेल सुटायला हवं. ब्रश पूर्ण वाळला की शेपटीच्या कंगव्याच्या टोकाने ओळींमधला सुका मळ उचला. अडकलेले केस छोट्या कात्रीने कापा, गादीला टोक लागू देऊ नका. मग वाटीभर कोमट पाण्यात शाम्पूचे ४-५ थेंब टाका, जुना टूथब्रश त्यात बुडवून नीट झटका आणि काट्यांच्या बुडाशी घासा. ओल्या फडक्याने पुसून पुन्हा उपडा वाळवा. मी दर पंधरा दिवसांनी करते, दहा मिनिटं लागतात.

प्रतिसाद:
मुठीवर बारीक पॉलिश पेपर फिरवून जवसाच्या तेलाचा पातळ हात द्या आणि चांगलं वाळू द्या. खोबरेल लावू नका, ते वाळत नाही, चिकट राहतं. आणि मणी तपासा. मणी उडालेला काटा टाळू ओरखडतो.

मूळ प्रश्नकर्ती:
खूप आभार! तीन दिवसांनी पाणी थांबलं, वास अगदी नाकाशी धरला तरच येतो. टूथब्रशने बुडाचा मळ निघाला, खालची गादी कितीतरी दिवसांनी दिसली. पण कडेच्या ओळीतले ४ मणी उडालेत. तेवढे काटे मुळाशी कापले तर चालेल का? आईला हाच ब्रश हवाय.