शब्दचर्चा: ‘सिस्टेमिक रिस्क’, ‘डिफॉल्ट’ आणि बँकांचं चेताजाल

विचारणा (रामबाग, इंदूर)
नमस्कार. न्यूरल नेटवर्क, म्हणजे जुन्या उदाहरणांवरून शिकणारं संगणकी मॉडेल, वापरून बँका कर्जदाराची पत कशी तपासतात, आणि एक बँक कोसळली तर बाकीच्यांना किती झळ लागेल याचा अंदाज कसा काढतात, यावर मराठीत लेख लिहिते आहे. अडले ते शब्दांवर. ‘सिस्टेमिक रिस्क’ला ‘प्रणालीगत जोखीम’ म्हणतात, पण ‘सिस्टिमॅटिक रिस्क’लाही तेच लिहिलेलं आढळतं. शिवाय ‘न्यूरल नेटवर्कने बँकांच्या नेटवर्कचा अभ्यास’ हे मराठीत ‘जाळ्याने जाळ्याचा अभ्यास’ होऊन बसतं. आणि आपल्या इंदुरी बोलण्यात ‘साख’ सर्रास येतो, तो छापील मराठीत चालेल का?

प्रतिसाद (लोकमान्य नगर, इंदूर)
ताई, मी बँकेतून निवृत्त झालो, म्हणून पहिल्या शब्दावर जरा सविस्तर लिहितो.

‘सिस्टिमॅटिक’ जोखीम म्हणजे महागाई, व्याजदर, मंदी अशी सगळ्यांना एकदम लागणारी. पैसे दहा ठिकाणी वाटून ठेवले तरी ती टळत नाही. ‘सिस्टेमिक’ जोखीम वेगळी. तिथे एकाचं पडणं दुसऱ्याला ओढतं. लेहमन ब्रदर्स या अमेरिकी गुंतवणूक बँकेने 15 सप्टेंबर 2008 रोजी दिवाळखोरीचा अर्ज केला, आणि दुसऱ्याच दिवशी लेहमनचे रोखे बाळगणाऱ्या रिझर्व्ह प्रायमरी फंड या अमेरिकी फंडाच्या युनिटचं, एरवी एक डॉलरवर स्थिर असणारं, मोल एक डॉलरच्या खाली गेलं. ज्यांनी लेहमनचं नाव कधी ऐकलं नव्हतं, त्यांचे पैसे अडकले. आपल्याकडे 2018 च्या सप्टेंबरात आयएल अँड एफएस या पायाभूत प्रकल्पांना पैसा पुरवणाऱ्या कंपनीने देणी थकवली, तेव्हा तिच्याशी संबंध नसलेल्या वित्त कंपन्यांनाही उसनवारी महाग झाली.

‘प्रणाली’ला माझा आक्षेप आहे. मराठीत प्रणाली म्हणजे पद्धत: कार्यप्रणाली, मतदानप्रणाली, संगणकप्रणाली. ‘बँकेची प्रणालीगत जोखीम’ वाचून सामान्य ठेवीदाराला वाटेल की सर्व्हर बंद पडला. ‘प्रणालीगत’ मला हिंदीतून आलेला वाटतो. हिंदीत तो रुळला आहे, तिथे हरकत नाही. मराठीत मी ‘व्यवस्थाजोखीम’ लिहीन. स्टेट बँक, आयसीआयसीआय आणि एचडीएफसी बँक यांना रिझर्व्ह बँक ज्या यादीत ठेवते, त्या मग ‘व्यवस्थेच्या दृष्टीने महत्त्वाच्या बँका’. आणि सिस्टिमॅटिकला ‘बाजारजोखीम’.

‘साख’बद्दल: मूळ संस्कृत ‘साक्ष्य’, म्हणजे साक्ष. इंदूरच्या सियागंज बाजारात ‘उसकी साख अच्छी है’ म्हणजे चार जण त्याच्या बाजूने बोलतील. सुंदर शब्द आहे. पण मराठीत ‘पत’ भक्कम उभा आहे: पतपेढी, पतपुरवठा, पतधोरण, पतमानांकन. लेखात एखाद्या इंदुरी व्यापाऱ्याच्या तोंडी ‘साख’ जरूर घाला, संज्ञा म्हणून ‘पत’च ठेवा.

प्रतिसाद (अलकापुरी, वडोदरा)
काकांच्या ‘व्यवस्थाजोखीम’ला पूर्ण अनुमोदन. ‘बाजारजोखीम’ मात्र घेऊ नका. बँकिंगमध्ये पतजोखीम, बाजारजोखीम आणि कामकाजाची जोखीम ही बाझेल नियमांतली, म्हणजे बँकांसाठीच्या आंतरराष्ट्रीय नियमांतली, ठरलेली त्रयी आहे, आणि तिथे बाजारजोखीम म्हणजे भाव-दर बदलल्याने होणारा तोटा. सिस्टिमॅटिकला ‘बाजारव्यापी जोखीम’ म्हणा, घोटाळा टळेल.

प्रतिसाद (विजय नगर, इंदूर)
मी अशाच मॉडेलांवर काम करतो. शाळेच्या मराठी विज्ञानात न्यूरॉनला ‘चेतापेशी’ म्हणतात, म्हणून न्यूरल नेटवर्कला ‘चेताजाल’ घ्या. बँकांमधल्या उसनवारीला ‘देण्याघेण्याचं जाळं’. मग वाक्य स्वच्छ होतं: ‘चेताजाल वापरून बँकांच्या देण्याघेण्याच्या जाळ्याचा अभ्यास’.

पण ताई, तुम्ही न विचारलेला शब्द मला जास्त महत्त्वाचा वाटतो: ‘डिफॉल्ट’, म्हणजे कर्ज ठरल्या वेळी न फेडलं जाणं. बऱ्याच मराठी लेखांत ‘चेताजाल कर्जबुडव्यांना ओळखतं’ असं लिहितात. ते चूक आहे, आणि अन्यायकारकही. चेताजालाला शिकवताना जुन्या कर्जांवर खूण करावी लागते: फिटलं की नाही. ही खूण साधारणपणे हप्ता 90 दिवसांहून जास्त थकला की नाही, यावरून लावतात. म्हणजे मॉडेल सांगतं ते ‘थकण्याची शक्यता’. थकलेलं कर्ज पुढे वसूलही होतं. ‘बुडीत’ ही नंतरची पायरी. आणि ‘कर्जबुडवा’ तर हेतू जोडणारा शब्द. ऐपत असून न फेडणाऱ्याला मुद्दाम तसं ठरवायची रिझर्व्ह बँकेची वेगळी रीत आहे, त्यात त्या माणसाला बाजू मांडायची संधी मिळते. ज्याची नोकरी गेली, ज्याच्या घरात आजारपण आलं, त्याला एका आकड्यावरून कर्जबुडवा म्हणणं मला सहन होत नाही.

दुसरा शब्द ‘अचूकता’. समजा शंभरांत तीन कर्जं थकतात. ‘कुणाचंच थकणार नाही’ असं सांगणारं मॉडेल शंभरांत सत्त्याण्णव वेळा बरोबर ठरेल, आणि बँकेच्या काहीच कामाचं नसेल. म्हणून नुसतं ‘97 टक्के अचूक’ लिहू नका. थकणाऱ्यांपैकी किती ओळखले आणि चांगल्या किती कर्जदारांना नाहक अडवलं, हे दोन आकडे वेगळे द्या.

विचारणा करणारी
दादा, ‘थकणं’ आणि ‘बुडणं’ हा भेद मी लेखात आधीच सांगून टाकते. कंपनी दिवाळ्यात जाईल का याचा अंदाज देणाऱ्या ऑल्टमनच्या 1968 च्या झेड-स्कोअरमध्ये पाच गुणोत्तरं आणि प्रत्येकाचा ठरलेला भार असतो. चेताजालातल्या ‘वेट’लाही ‘भार’च म्हणू का? आणि ‘हिडन लेयर’?

प्रतिसाद (विजय नगर, इंदूर)
‘भार’ दोन्हीकडे चालेल. फरक वाक्यात सांगा: झेड-स्कोअरचे पाच भार कागदावर वाचता येतात. चेताजालात ते हजारो असतात आणि थरांतून एकमेकांवर परिणाम करतात, त्यामुळे ‘याच कारणाने कर्ज नाकारलं’ असं एका भाराकडे बोट दाखवता येत नाही. ‘हिडन लेयर’ला, आत येणारी माहिती आणि बाहेर पडणारं उत्तर यांच्यामध्ये असतो म्हणून, ‘मधला थर’. ‘गुप्त थर’ अजिबात नको, त्यात कुणी काही लपवलेलं नसतं.

व्यवस्थाजोखमीबद्दल एक गोष्ट लेखात यावी अशी माझी विनंती. वैयक्तिक कर्जांची लाखो उदाहरणं मिळतात. सबंध व्यवस्था हादरल्याची उदाहरणं फार थोडी, त्यामुळे तिथे चेताजालाला शिकायला सामग्रीच तोकडी पडते. त्यात सगळ्या बँकांनी एकसारखी मॉडेलं घेतली, तर सगळ्या एकाच वेळी त्याच कर्जदारांकडे पाठ फिरवतील. तेव्हा मोजणारं साधनच जोखीम वाढवतं.

प्रतिसाद (लोकमान्य नगर, इंदूर)
या ‘सगळ्यांनी एकदम पाठ फिरवणं’ला ‘कळपवृत्ती’ आहेच. ‘कंटेजन’ला, म्हणजे एकीचा फटका दुसरीला लागत जाण्याला, ‘संसर्ग’ लिहा, ‘लागण’ नको; लागण एकाला होते, संसर्ग पसरतो. आणि ताई, एका बँकेचं दिवाळं निघालं तर तिथे हिंदीतला ‘टाट उलटणे’ वापरायचा मोह आवरू नका. इंदूरच्या सराफा बाजारात तो अजून कळतो. पुण्याच्या वाचकासाठी पुढे स्वल्पविराम देऊन ‘म्हणजे दिवाळं’ एवढं जोडलं की झालं.