झोंबणे, चरचरणे, हुळहुळणे

प्रश्न : मिरची झोंबते, मोहरी नाकात झोंबते आणि गार वाराही झोंबतो. तिघांना एकच क्रियापद का? आणि तिखट ही चव धरायची की नाही? षड्रसांत ती आहे, पण स्वादकलिकांच्या चवींत ती कुणी मोजत नाही.

उत्तर : आधी चवीचं पाहू. षड्रसांतला 'कटु' म्हणजे आपलं तिखट, आणि 'तिक्त' म्हणजे आपलं कडू. 'कटु'वरून मराठीत 'कडू' आलं खरं, पण येताना अर्थ पालटला. त्यामुळे जुने वैद्यकग्रंथ वाचताना हमखास घोळ होतो. 'तिखट'चं मूळ मात्र 'तीक्ष्ण' आहे, म्हणजे धारदार, टोचणारं. हे नाव किती नेमकं आहे! तिखटपणाची वर्दी स्वादकलिका देतच नाहीत. ती देतात वेदना आणि तापमान कळवणारे चेतातंतू. म्हणून तर मिरचीचं बोट डोळ्याला लागलं की डोळाही झोंबतो. साखरेचं बोट लागलं तर डोळ्याला गोडी कळत नाही.

या तंतूंच्या टोकांना, पेशीपटलात, आयन चॅनेल असतात. ('आयनवाहिनी' हा शब्द मला पटत नाही. वाहिनी म्हटलं की लांब नळी डोळ्यांपुढे येते. हे तर उघडझाप करणारं प्रथिनाचं भोक.) ते उघडलं की बाहेरचे सोडियम आणि कॅल्शियमचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले अणू, आत शिरतात, तंतूतला विद्युतभार बदलतो आणि संदेश निघतो.

मिरचीतल्या कॅप्सायसिनने उघडणारा चॅनेल अमेरिकी शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ मध्ये शोधला. त्याचं नाव टीआरपीव्ही१. तोच चॅनेल साधारण ४३ अंश सेल्सियसच्या वरच्या उष्णतेनेही उघडतो. तेव्हा मिरची खाल्ल्यावर 'तोंडाची आग झाली' म्हणणं हा अलंकार नव्हे. तोंड भाजलं काय आणि मिरची चावली काय, निरोप त्याच तंतूंतून जातो.

गारव्याचा चॅनेल टीआरपीएम८, तो २००२ मध्ये सापडला. ज्युलियस आणि आर्डेम पटापुटियन या दोघांच्या गटांनी तो एकमेकांपासून स्वतंत्रपणे शोधला. (पुढे २०२१ चं वैद्यकाचं नोबेल दोघांना विभागून मिळालं.) तापमान साधारण २६ अंशांखाली गेलं की तो उघडतो, आणि पुदिन्यातल्या मेंथॉलनेही उघडतो. मेंथॉल चोळलेली कातडी थर्मामीटरला गार लागत नाही, आपल्याला लागते.

मोहरीची गोष्ट मला सगळ्यांत विलक्षण वाटते. तिचा चॅनेल टीआरपीए१. मोहरीचं उग्र तेल, लसणातला ॲलिसिन, धुरातलं ॲक्रोलीन, अश्रुधूर, या सगळ्यांनी तो उघडतो. या रेणूंचे आकार एकमेकांशी जुळत नाहीत. चॅनेल आकार बघतच नाही. हे रेणू त्याच्या सिस्टीन नावाच्या अमिनो आम्लांना रासायनिक बंधाने जाऊन चिकटतात, आणि त्यानेच तो उघडतो. 'झोंबणे'चा मूळ अर्थ अंगाशी भिडणे, 'झोंबाझोंबी'तला. मोहरी त्या अर्थानेही झोंबते! कॅप्सायसिन असा बंध जोडत नाही, तो चॅनेलच्या खाचेत बसतो आणि सुटतो.

मग क्रियापद एकच का? टीआरपीए१ असलेल्या तंतूंवर बहुधा टीआरपीव्ही१ही असतो, त्यामुळे मिरची आणि मोहरी एकाच वेदनामार्गाने जातात. थंडीचे तंतू बरेचसे वेगळे. पण साधारण १५ अंशांखाली गारव्याचं दुखणं होतं, आणि आपण 'झोंबरा वारा' म्हणतो तो तेव्हाच. सुखद झुळुकीला कुणी झोंबरी म्हणत नाही. म्हणजे हे क्रियापद कशाने लागलं ते सांगत नाही, लागलेलं दुखतं आहे एवढंच सांगतं.

पुन्हा प्रश्न : मग जखमेवर स्पिरिट लावल्यावर 'झोंबलं' म्हणायचं की 'चरचरलं'? आणि 'हुळहुळणे' त्याहून वेगळं कसं?

उत्तर : दोन्ही चालतं, पण मी 'चरचरलं' म्हणेन. चरचरणं म्हणजे भाजल्यासारखी, उघड्या जागेवरची, थोड्या वेळाची आग. स्पिरिटमध्ये नेमकं तेच घडतं. अल्कोहोलमुळे टीआरपीव्ही१चा उंबरठा, म्हणजे तो ज्या तापमानाला उघडतो ते, ४२-४३ वरून साधारण ३४ अंशांपर्यंत उतरतो. शरीर असतं ३७ अंशांवर, म्हणजे जखमेला तिची स्वतःचीच ऊब पोळते. स्पिरिट उडून गेलं की चरचर थांबते.

हुळहुळणं टिकतं. सुजलेल्या भागात प्रोस्टाग्लँडिन, ब्रॅडिकायनिन अशी द्रव्यं साठतात आणि तीही हा उंबरठा खाली आणतात, म्हणून उन्हाने भाजलेल्या पाठीला कोमट पाणीही कढत लागतं. पण त्या पाठीला सदरा नुसता घासला तरी नको होतं, त्यामागे आणखी एक चॅनेल आहे, स्पर्शाचा पिएझो२. जन्मतः हा चॅनेल निकामी असलेली मोजकी माणसं आहेत. त्यांच्या कातडीला कॅप्सायसिन लावलं तेव्हा आग झाली, पण भोवतीच्या भागावर हलका स्पर्श केला तर तो दुखला नाही. इतरांना तो दुखतो. म्हणजे त्यांना झोंबलं, पण हुळहुळलं नाही. वैद्यकातल्या 'ॲलोडायनिया'साठी (एरवी न दुखणारी गोष्ट दुखणे), निदान हलक्या स्पर्शाने होणाऱ्या प्रकारासाठी, मी 'हुळहुळ' हाच शब्द वापरेन. नुसत्या 'अतिसंवेदनशीलता'तून तो स्पर्श कळत नाही.