लर्निंग रिमोटवर सेट-टॉप बॉक्सचं तेच बटण दुसऱ्यांदा चालत नाही : मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. खानापूरला टीव्ही, एव्ही रिसीव्हर आणि सेट-टॉप बॉक्स एकाच लर्निंग रिमोटवर (दुसऱ्या रिमोटचे सिग्नल शिकून तेच पाठवणारा रिमोट) घेतोय. टीव्ही तयार कोडवर चालतो, रिसीव्हरची बटणं शिकवून झाली. अडलंय ते बॉक्सचं. ११५ लावायला गेलं की १५ उमटतं. तेच बटण लागोपाठ दाबलं तर दुसरी दाब जातच नाही. मध्ये दुसरं बटण दाबलं की पुन्हा चालतं. मूळ रिमोट ठणठणीत आहे.

माझ्या मते बॉक्स आरसी-५ किंवा आरसी-६ वर (रिमोटच्या सिग्नलच्या ठरलेल्या पद्धती) आहे. त्यात दर दाबेला एक टॉगल बिट (० किंवा १ ची खूण) उलटतो, त्यावरून नवी दाब ओळखली जाते. शिकवलेल्या कोडमध्ये तो गोठतो, म्हणून बॉक्सला बटण दाबूनच धरल्यासारखं वाटतं.

करून पाहिलंय: नवे सेल, दोन्ही रिमोट समोरासमोर ३ सेंमीवर, ट्यूबलाइट बंद, बटण हलकेच दाबून पुन्हा शिकवणं. मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यात एलईडी दर वेळी जांभळा चमकतो, म्हणजे सिग्नल निघतोय. ऑटो सर्चमध्ये (रिमोट तयार कोड एकेक करून पाहतो) फक्त पॉवरचं बटण जुळलं. एकच अंक लागोपाठच्या दोन दाबांतून दोन बटणांवर शिकवला की आलटून-पालटून चालतो, पण दहाही अंकांना तेवढी बटणं आणायची कुठून?

मोबाइलवरून रिमोटचं काम करणारा वाय-फाय हब नको, लाइट गेली की नेटही जातं. बॉक्सला सीईसी (एचडीएमआय केबलमधून एका उपकरणाच्या रिमोटने दुसरं चालवायची सोय) नाही.

टॉगल बिट ओळखून स्वतः उलटवणारा लर्निंग रिमोट कोणता, आणि तो बेळगावात खडेबाजारला किंवा कोल्हापुरात मिळेल का?