कपाळावरची नागीण गेली, आता नजर अंधुक

प्रश्न: नागिणीच्या खपल्या पडून दोन आठवडे झाले. त्याच बाजूच्या डोळ्याला अंधुक दिसतं, पण डोळा लाल नाही. डोळ्याच्या (दृष्टीच्या) नसेला सूज असेल का?

उत्तर १: असू शकते, पुरळ सुकल्यावरही येते. एकेक डोळा झाकून बाटलीचं लाल झाकण बघा. नस सुजली असेल तर त्या डोळ्याला ते फिकट, विटकट दिसतं. डॉक्टर टॉर्च एका डोळ्यावरून दुसऱ्यावर नेतात. आजारी बाजूला बाहुली आकसायची सोडून मोठी होते. सूज डोळ्यामागे असेल तर तपासणीत नस सुरुवातीला ठणठणीत दिसते. म्हणून ‘पडदा नॉर्मल’ म्हटलं तरी एमआरआयबद्दल विचाराच.

उत्तर २: असायक्लोविर या विषाणूविरोधी औषधाच्या गोळ्या (८०० मिग्रॅ, दिवसातून ५ वेळा) पुरळासाठी. नस सुजली असेल तर ते सहसा शिरेतून देतात: किलोमागे १० मिग्रॅ, दर ८ तासांनी, प्रत्येक डोस तासभर सावकाश. घाईत सोडलं तर मूत्रपिंडात स्फटिक साचतात. आधी रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंड कसं चालतंय ते कळतं) बघतात, पाणी भरपूर.

उत्तर ३: आणि नुसतं स्टेरॉइड नकोच! विषाणू पडद्यात शिरला असेल तर भडकतो. आजच दाखवा, सोमवारच्या ओपीडीची वाट बघू नका.